पेट्रोल गाळत अमरावती ते पातूर

अमरावतीहून अकोल्याकडे जायला बडनेऱ्यावरून आगगाडी आहे, एस.टी. आहे, आणि ज्याला अजिबात घाई नाही त्याच्यासाठी कापसाच्या बैलगाड्या आहेत. हे सगळं सोडून मी सायकलला बसवलेल्या इंजिनावर गेलो. त्या कापसाच्या गाड्यांनी मला वाटेत दोनदा मागे टाकलं, हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढे कोणाची निराशा व्हायला नको.

ही गोष्ट साठ सालच्या आसपासची. मी तेव्हा अमरावतीच्या एका हायस्कुलात भौतिकशास्त्र शिकवत होतो. मूळचा पुण्याचा, पण वऱ्हाडात येऊन सात वर्षं झाली होती. एका निवृत्त मोजणीदाराने हे विलायती इंजिन मला विकलं. कॅरिअर काढून मागच्या चाकावर ते बसवायचं. सिलिंडर पाणी प्यायच्या लोट्याएवढं. त्याच्या खाली एक खरबरीत रोलर, तो दांडीने टायरवर दाबला की इंजिन चाक फिरवतं. सुरू करायला मात्र आधी आपणच पायडल मारायचं. पोटाशी टाकी, हँडलला पिशवी, आणि आवाज असा की गल्लीतली कुत्री आमच्यावर कायमची नाराज.

जायचं निमित्त एका पत्राचं होतं. सुखदेव तायडे हा माझा जुना विद्यार्थी. मागच्या बाकावर बसायचा आणि सगळे गेल्यावर शंका विचारायचा. आता तो पातूरच्या अलीकडे चिंचखेड या त्याच्याच गावात प्राथमिक शाळेवर मास्तर झाला होता. त्याने लिहिलं होतं, "सर, आपण फळ्यावर इंजिनाची आकृती काढत होतात. इथल्या मुलांनी उघडं इंजिन कधी पाहिलेलं नाही. आम्ही बौद्ध झालो आणि मी मास्तर होऊन परत आलो, हे गावातल्या काही घरांना अजून पचलेलं नाही. पाटलांच्या गल्लीतली मुलं शाळेत येत नाहीत. इंजिन पाहायला मात्र सगळे येतील. शनिवारी सकाळी दहा वाजता येईन म्हणून कळवलंत, तर मी गावात दवंडी देतो."

मी उलट टपाली लिहिलं, "दे दवंडी."

कुरूम

शुक्रवारी सकाळी निघालो. फेब्रुवारीचे दिवस. हवेत अजून गारवा होता, आणि कापूस निघालेल्या काळ्या रानात नुसत्या पऱ्हाट्या उभ्या होत्या. बडनेरा मागे पडेपर्यंत इंजिन एका सुरात चाललं होतं आणि मीही त्याच सुरात गुणगुणत होतो. दुपारी अकोल्यात जेवायचं, मुक्काम तिथेच, आणि सकाळी आरामात चिंचखेड असा बेत.

कुरूमच्या अलीकडे पेट्रोलचा वास यायला लागला. मग इंजिन गुदमरल्यासारखं खोकलं, पांढरा धूर सोडला आणि थांबलं. उतरून पाहतो तर कार्बोरेटरमधून टपटप पेट्रोल गळतंय आणि थेट टायरवर पडतंय. ओल्या टायरवर रोलर नुसता घसरत होता.

कार्बोरेटर म्हणजे एक छोटी वाटी. टाकीतलं पेट्रोल तिच्यात येतं. वाटीत पितळेची एक पोकळ डबी तरंगत असते. पेट्रोल वर चढलं की डबीही वर जाते आणि तिच्या डोक्यावरची सुई पेट्रोलची वाट बंद करते. म्हणजे रांजण भरला की तोटी आपोआप बंद व्हावी, तशी सोय. ती तोटी बंद होत नव्हती. मी निदान केलं, सुईखाली कचरा अडकला. सुई काढली, रुमालाने पुसली, फुंकर मारली, परत बसवली. एक मैल गेलो, परत टपटप. परत काढली, परत पुसली. अर्धा मैल. तिसऱ्या खेपेला मी सायकल ढकलत कुरूमच्या फाट्यावरच्या चहाच्या टपरीपाशी आणून उभी केली.

पुण्यात रस्त्यात गाडी बंद पडली की लोक लांबून पाहतात आणि "पुढे डावीकडे दुकान आहे" एवढं सांगून निघून जातात. इथे पाच मिनिटांत आठ-दहा जण इंजिनाभोवती उकिडवे बसले आणि प्रत्येकाने कुठे ना कुठे बोट घालून पाहिलं.

"काहून बंद पडली जी?"

"पेट्रोल जास्त येतंय."

"मंग कमी भराचं न!"

दुसरा म्हणाला, "दिष्ट लागली हाय तिले. नवी वस्तू हाय." आणि मी नको म्हणायच्या आत टपरीवरचं लिंबू आणि दोन मिरच्या माझ्या हँडलला बांधल्यासुद्धा.

तेवढ्यात माझं लक्ष गेलं. गळलेल्या पेट्रोलचं थारोळं सायकलखाली साचलं होतं आणि त्याच्या काठावर एक गृहस्थ पेटलेली बिडी ओढत बसले होते. राखेचा आकडा चांगला लांबला होता, आता पडेल की मग पडेल. मी घाबरून म्हणालो, "अहो, माफ करा हं, आपण कृपा करून ती विडी जरा तिकडे, म्हणजे पेट्रोलची वाफ हवेत मिसळली की..."

ते कुतूहलाने माझ्याकडे बघत राहिले. कोणी जागचं हललं नाही.

टपरीवाल्याने मात्र चहाची किटली ठेवून एकच आरोळी ठोकली, "अबे बिडी फेक तिकडे! मरशीन न सगळ्याइले मारशीन!"

क्षणात दहाही जण रस्त्याच्या पलीकडे होते. बिडीवाले सगळ्यात पुढे. वऱ्हाडी बोली पुण्याच्या कानांना रोखठोक वाटते, अशी तक्रार मीही पूर्वी केली आहे. त्या दिवसानंतर केली नाही.

टपरीवाल्याने मग मला बसवून घेतलं. भाकर, वांग्याची भाजी आणि ठेचा पुढे ठेवला. ठेचा असा की डोळ्यांतून पाणी आलं आणि मला वाटलं पेट्रोल गेलं डोळ्यांत. तो म्हणाला, "खा, खा. पोटात जाळ असला म्हणजे सायकल बिना इंजिनची पयते."

आणि खरोखरच पुढचा सगळा रस्ता मीच इंजिन झालो. टाकीची चावी बंद करून, विलायती लोखंडाचं ओझं मागे घेऊन पायडल मारत राहिलो. एक कापसाची गाडी शांतपणे पुढे निघून गेली. मी वडाखाली दम खायला थांबलो तेव्हा दुसरी गेली. तिच्यावरचा म्हातारा कापसात लोळत होता. त्याने विचारलं, "मास्तर, सायकल टाकता का वर?" माझी मान आडवी हलली. अर्ध्या तासाने मला त्याचा पश्चात्ताप झाला.

मूर्तिजापूर

दिवेलागणीला मूर्तिजापूर गाठलं आणि धर्मशाळेत अंग टाकलं. पाय दुखत होते, पण मला खरी टोचणी दवंडीची होती. सुखदेवने ती आतापर्यंत दिली असणार.

शनिवारी उजाडताच धर्मशाळेच्या ओट्यावर वर्तमानपत्र पसरून कार्बोरेटर परत उघडला. सुई भिंगासारखी स्वच्छ होती. तिच्या टोकावर ओरखडा नव्हता. वाटीत कचरा नव्हता. मग तोटी बंद का होत नाही? पुण्यातली धरून अकरा वर्षं मी मुलांना यंत्रं शिकवतो आहे आणि हातभर लांबीचं हे इंजिन माझ्याकडून सुटत नव्हतं.

शेजारी एका सोनाराचं दुकान होतं. सोनार नुकत्याच फळ्या काढून झाडत होते. साठीचे, काटकुळे, चष्म्याची एक काडी दोऱ्याने बांधलेली. लोक त्यांना अंबादासजी म्हणत. वर्तमानपत्रावरची पितळी डबी उन्हात चमकली आणि ते झाडू हातात घेऊनच आले.

"हे काय जी? कुंकवाची डबी?"

"नाही हो, हा इंजिनाचा भाग आहे. पेट्रोलवर तरंगतो."

त्यांनी डबी उचलली. तळहातावर दोनदा झेलली. मग कानापाशी नेऊन हळूच हलवली, डोळे मिटले आणि परत हलवली.

"हे कशाची तरंगते," ते म्हणाले. "हिच्या पोटात पानी भरलं हाय."

"पाणी कसं असेल? ती बंद आहे सगळीकडून."

"मंग आयका तुमी."

मी कान लावला. आत बारीकसं चुळूक झालं. परत हलवली. चुळूक.

तरंगणारे पदार्थ, हा धडा मी दरवर्षी जुलैत घेतो. पोकळ वस्तूच्या पोटात पाणी शिरलं की ती बुडते, हे मी टाचणी मारलेला चेंडू बादलीत बुडवून दाखवतो. परीक्षेत त्यावर प्रश्न घालतो. आणि कालचा अख्खा दिवस मी सुई पुसत होतो. डबीला कुठेतरी सुईच्या टोकाएवढं भोक होतं. त्यातून पेट्रोल आत शिरून ती जड झाली होती, वर चढतच नव्हती, म्हणून वाट उघडीच राहत होती.

"तुम्हाला हे एवढ्यात कसं कळलं?" मी विचारलं.

"पोकय मनी दिसते भरीव न इकते सोन्याच्या भावानं," अंबादासजी म्हणाले. "कोनी आत लाख भरते, कोनी शिसं. चाळीस साल झाले, मी कानानं पायतो. डोयाले फसवता येते."

ते डबी घेऊन सरळ दुकानात गेले आणि शेगडी पेटवायला बसले. तेव्हा मात्र मी ओरडलो. कालचा धडा लक्षात होता. "अहो, बिलकुल जाळ लावू नका! आत पेट्रोल आहे, डबी फुटेल!"

ते खूश झाले. "आता कसं वऱ्हाडीत बोलले!"

शेगडीवर त्यांनी पाणी कढत केलं. शेगडी दुकानात ठेवली, कढत पाण्याचं भांडं बाहेर रस्त्याच्या कडेला आणलं आणि चिमट्याने डबी त्यात धरली. डबीच्या कडेच्या सांध्यातून मोहरीएवढे बुडबुडे माळेसारखे वर यायला लागले. भोक सापडलं. आतलं पेट्रोल उष्णतेने वाफ होऊन त्याच भोकातून निघत होतं. बुडबुडे थांबेपर्यंत त्यांनी चिमटा हलवला नाही. तीनदा पाणी बदललं. प्रत्येक वेळी कान लावला. चौथ्यांदा डबी माझ्या कानापाशी धरली. आत काही नव्हतं.

माझं सगळं लक्ष घड्याळाकडे. साडेआठ झाले होते. अजून सत्तावीस मैल अकोला आणि पुढे अठरा मैल चिंचखेड.

"झालं, आता कथलाचा ठिपका द्या आणि सोडा मला," मी म्हणालो.

"थांबा जी." त्यांनी सोनं तोलायचा नाजूक काटा काढला आणि रिकामी डबी तोलली. मग तांब्याची सळई तापवून सांध्यावर कथलाचा डाग दिला. परत तोलली. "दोन गुंजा जास्त. जड झाली. परत बुडन."

हे त्यांना कोणी शिकवलं होतं? मी तर नव्हतं शिकवलं. त्यांनी कानस घेतली आणि तो डाग इतक्या हलक्या हाताने घासला की पितळेला ओरखडा नाही. घासायचं, तोलायचं, मान हलवायची. मी चुळबूळ करतो आहे आणि ते एका गुंजेच्या खाली आल्याशिवाय थांबेनात. शेवटी एकदाचा काटा त्यांच्या मनासारखा झाला. भांड्यात गार पाणी घेऊन डबी सोडली. ती टुणकन वर आली आणि आम्ही दोघंही लहान मुलांसारखे तिच्याकडे बघत राहिलो.

"काय द्यायचं?" मी विचारलं.

"हे पेट्रोलवर कसं चालते ते सांगा. मी डबी पायली, बाकीचं नाई पायलं."

साडेनऊ वाजले होते. दहाला मला चिंचखेडला असायचं होतं, आणि ते आता शक्य नव्हतंच. मी वर्तमानपत्रावर आकृती काढून त्यांना सगळं सांगितलं, ठिणगी, वाफ, दट्ट्या, सगळं. त्यांनी एकच प्रश्न विचारला, पण तो असा होता की उत्तर द्यायला मला डोकं खाजवावं लागलं.

अकोला

अकोल्याबद्दल मी काहीच सांगू शकत नाही. पेट्रोल भरलं, तेल मिसळलं आणि मोर्णा नदीचा पूल ओलांडून पातूरच्या रस्त्याला लागलो. इंजिन असं चाललं होतं की थांबायचं धाडस झालं नाही. थेंबभर पेट्रोल गळलं नाही. मी मात्र दर मैलाला मागे हात लावून पाहत होतो.

पातूरच्या बाजूला जमीन उंचसखल होत जाते. क्षितिजावर डोंगराची निळी रेघ दिसायला लागते. पळस फुलला होता. एरवी मी थांबून पाहिला असता. त्या दिवशी कपाळावरचा घाम पुसत मी फक्त एकच विचार करत होतो, दवंडी देणाऱ्या माणसाची दुपारी बारानंतर काय अवस्था झाली असेल.

चिंचखेड

अडीच वाजता पोचलो. शाळेपुढे मोकळं पटांगण होतं. एका जुन्या सतरंजीवर इंजिनाचे भाग मांडायला म्हणून पाट ठेवलेले होते आणि पायरीवर सुखदेव एकटाच बसला होता.

तो उठला. नमस्कार केला. माठातलं पाणी आणून दिलं. "आले का सर. काही लागलं तर नाही ना वाटेत?" एवढंच.

"लोक आले होते?" मी विचारलं.

"सगळे आले होते. पाटलांच्या गल्लीतलेही. बारापर्यंत बसले." त्याने माझ्या हातातलं रिकामं भांडं घेतलं. "मग गणपतराव पाटील म्हणाले, याच्या मास्तरले येणंच नव्हतं, हा उगाच दवंड्या देते. गेले सगळे. हरकत नाही सर. चुकीचं काही बोलले नाहीत, दहा वाजले होतेच."

त्याचा शांतपणा मला जास्त लागला. मी विचारलं, "आता कुठे आहेत सगळे?"

"पाटलांच्या खळ्यावर. ज्वारी मळून पडली आहे, पण तीन दिवस वारा पडला आहे. उफणणी अडली. माझी आई तिथेच मजुरीला आहे. सगळे वाऱ्याची वाट बघत बसलेत."

पटांगणातल्या कडुलिंबाकडे मी पाहिलं. पान हलत नव्हतं. मग सायकलकडे पाहिलं. सुखदेव माझ्याकडे पाहत होता आणि मला कळलं, त्याच्याही डोक्यात तेच आलं आहे.

"सर, नकाशांचे जुने पुठ्ठे आहेत कपाटात," तो म्हणाला.

खळ्यावर खरोखर सगळं गाव होतं. मधोमध ज्वारीची रास, कोंड्यासकट. शेजारी तिवई, आणि तिच्यावर सूप हातात घेऊन सुखदेवची आई पार्बताबाई उभ्या होत्या. वारा आला तर एक क्षण वाया जायला नको म्हणून त्या खाली उतरतच नव्हत्या. पागोटं गुडघ्यावर ठेवून गणपतराव पाटील बाजेवर बसले होते.

"आले का मास्तर! बरं झालं. उद्याच्या दवंडीले आले," ते म्हणाले. लोक हसले. सुखदेवही हसला, त्यामुळे मला बरं वाटलं.

आम्ही सायकल स्टँडवर उभी केली, म्हणजे मागचं चाक अधांतरी झालं. पुठ्ठे कापून, तिरपे करून तारांमध्ये सुतळीने बांधले. मुलं गोळा झाली होतीच. मी पायडल मारलं, इंजिन धडधडलं, चाक फिरायला लागलं आणि पुठ्ठ्यांतून वारा निघाला. पार्बताबाईंनी सूप कलतं केलं.

सगळा कोंडा माझ्या तोंडावर आला.

गावकरी एवढे हसले की इंजिनाचा आवाज ऐकू येईना. डोळे, कान, सदरा, सगळीकडे भूस. वारा उलट दिशेने येत होता. मी डोळे चोळत राहिलो आणि ऐकलं, सुखदेव मुलांना विचारत होता, "काहून झालं असं? सांगा. पुठ्ठे कोणत्या बाजूनं कलले हायेत?" तो वर्गात असल्यासारखा शांत होता. पाटलांच्या गल्लीतली एक मुलगी म्हणाली, "उलटे बसोले, मास्तर." तो म्हणाला, "मग सुलटे कर तूच." तिने केले. बाकीच्यांनी सुतळी धरली.

दुसऱ्या खेपेला वारा सरळ लागला. फार जोराचा नव्हता. पण ज्वारी सरळ खाली पडत होती आणि कोंडा चार हात पलीकडे उडत होता. हसणं थांबलं. हे हवेने थंड होणारं इंजिन जागच्या जागी तापतं, म्हणून थोड्या थोड्या वेळाने बंद करून विसावा देत होतो. त्या विसाव्यात सुखदेव सिलिंडरवर बोट ठेवून सांगत होता, ठिणगी कुठे, वाफ कुठे, दट्ट्या कुठे. मला बोलायची गरजच पडली नाही. सतरंजीवरचा तास खळ्यावर चालला होता.

गणपतराव केव्हातरी बाजेवरून उठून जवळ आले. अगदी चाकासमोर उभे राहून वाकून पुठ्ठ्यांकडे बघायला लागले. तिवईवरून पार्बताबाई ओरडल्या, "पाटील, सरका तिकडे! डोयात भूस जाईन!"

मी इंजिनाची दांडी धरून थबकलो. या गावात पाटलाला सरका म्हणायची रीत नसावी, निदान या आवाजात.

गणपतराव सरकले. जरा घुटमळले. मग त्यांनी इकडेतिकडे पाहिलं. राशीतून टोपली भरून वर द्यायचं काम ज्यांचं, ती दोन्ही माणसं मुलांच्या घोळक्यात इंजिन बघत उभी होती. पाटलांनी स्वतः टोपली भरली, उचलली आणि पार्बताबाईंच्या हातात दिली. त्यांनी ती सुपात ओतली, रिकामी टोपली खाली दिली आणि तिकडे न बघताच परत हात पुढे केला.

"द्या लवकर," त्या म्हणाल्या. "वारा हाय तवर."